एक हजार टाक्यांचा बेडूक

फेल्डहोवनमधल्या मराठी घरात बाळ येणार असले की भारतातून आजी येते, आणि तिच्या बॅगेतून डिंकाच्या लाडवांच्या डब्याशेजारी क्रोशाची सुई निघते. पूर्वी त्या सुईवर टोपडी, मोजे, दारावरचे तोरण आणि टीव्हीवर घालायचे रुमाल व्हायचे. आता टीव्ही इतका पातळ झाला आहे की त्यावर रुमाल राहत नाही, आणि टोपडी दुकानात मिळतात. म्हणून सध्या विणला जातो तो बेडूक. मुठीएवढा, हिरवा, पोटाला फिकट, डोळे डोक्याच्या वर. सूनबाई मोबाइलवर फोटो दाखवते, आजी चष्मा वर सरकवून पाहते, "एवढंच ना!" म्हणते आणि कामाला लागते.

या सदरात आपण दर दिवाळीला एखादी साधी वस्तू घेतो आणि तिचा हिशेब मांडतो. यंदा हा बेडूक घेऊ. त्यात थोडी भूमिती आहे, बाळाच्या जिवाशी संबंध असलेली एक गोष्ट आहे आणि शेवटी पैशांचा एक प्रश्न आहे. तो प्रश्न आपल्या दिवाळी बाजारातल्या टेबलावर दरवर्षी समोर येतो आणि दरवर्षी हसण्यावारी जातो.

आधी नावाचे पाहू. क्रोशे हा फ्रेंच शब्द, अर्थ लहानशी आकडी. डच भाषेत या कामाला 'हाकन' म्हणतात, तेही आकडीवरूनच. क्रोशाचे छापील नमुने अगदी सुरुवातीला दिसतात ते १८२०च्या दशकात, 'पेनेलोपे' नावाच्या एका डच नियतकालिकात. म्हणजे आपण ज्या देशात राहतो, त्याचा या सुईशी दोनशे वर्षांचा संबंध आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाची लेस विणून अनेक कुटुंबांनी दिवस काढले. भारतात ही कला बऱ्याच ठिकाणी मिशनऱ्यांबरोबर पोहोचली आणि मग ती इतकी आपली झाली की गौरीपुढच्या आराशीत तिचे रुमाल पाहताना कोणाला ती बाहेरची वाटत नाही. सुईने विणलेल्या आणि आत कापूस भरलेल्या या छोट्या प्राण्यांना जपानी नाव आहे 'अमिगुरुमी'. विणणे आणि भरलेली बाहुली, या दोन शब्दांचा तो जोड आहे.

दोन सुयांवरच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर असतात. एक निसटला तर खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात एका वेळी एकच टाका सुईवर असतो. त्यामुळे बसमध्ये, डॉक्टरकडच्या बाकावर, कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत, कुठेही काम काढता येते आणि कुठेही थांबवता येते. चूक झाली तर धागा ओढायचा की मागचे सगळे सरसर उलगडते. इंग्रजी बोलणाऱ्या विणकर बायकांनी या उसवण्याला गमतीने 'फ्रॉगिंग' नाव दिले आहे, कारण 'रिप इट, रिप इट', म्हणजे 'फाड, फाड' असे म्हटले की त्यांच्या बेडकाच्या आवाजासारखे ऐकू येते. डच बेडूक 'क्वाक' म्हणतो आणि आपला 'डराव', त्यामुळे ही कोटी आपल्याकडे चालत नाही. पण उसवायची सोय मात्र तिन्ही भाषांत सारखीच आहे.

बेडूकच का, याचे उत्तर विणणाऱ्याच्या सोयीत आहे. बेडकाला दिसण्यासारखी मान नसते. ससा किंवा जिराफ विणायचा तर मान लुळी पडते, मग आत काडी घाला, दुहेरी शिवा. बेडकाचे डोके थेट धडावर बसते. कान नाहीत, शेपूट नाही, केस नाहीत. एका हिरव्या गुंड्यात काम भागते. आणि बेडूक थोडा वाकडा झाला तरी तो बेडूकच दिसतो. शिवाय मुलांना तो ओळखीचा असतो. वसंत जवळ आला की या देशात संध्याकाळी लोक बॅटरी आणि बादल्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि तळ्याकडे निघालेल्या भेकांना उचलून पलीकडे सोडतात. आपल्या बाजूनेही बेडकाचा मान जुना आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात पावसाच्या सुरुवातीला ओरडणाऱ्या बेडकांवर एक अख्खे सूक्त आहे, आणि दंडाचा स्नायू फुगवला की त्याला 'बेडकुळी' म्हणणारी भाषा आपली आहे.

आता भूमिती. बेडकाचे डोके म्हणजे एक गोळा, आणि सपाट धाग्यातून गोळा तयार करायचा आहे. सुरुवात एका सरकत्या वेढ्यात सहा मुक्या खांबांनी होते. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसरीत १८, चौथीत २४, पाचवीत ३०. दर फेरीला सहाच का वाढवायचे, असे विचारले तर बहुतेक जणी "तसंच असतं" म्हणतात. आयुष्य गणित शिकवण्यात गेल्यामुळे मला त्यावर थांबता येत नाही.

वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढली, तर परीघ त्या उंचीच्या २π पटीने, म्हणजे सुमारे ६.२८ पटीने वाढतो. मुका खांब जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद असतो. म्हणून वाढलेल्या परिघात मावतात साधारण सहा टाके. सहा वाढवत गेलो की सपाट चकती मिळते. उभा खांब मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून उभ्या खांबांच्या रुमालात दर फेरीला बारा वाढवतात. आजीने π हे अक्षर कधी पाहिलेले नसले तरी तिच्या बोटांना त्याची किंमत माहीत आहे.

वाढवणे थांबवले की चकतीच्या कडा वळतात आणि वाटी होते. ३० टाक्यांच्या पाच फेऱ्या तशाच घातल्या की वाटी खोल होते. मग दोन टाक्यांचा एक करत २४, १८, १२, ६ असे उतरले की गोळा बंद होतो. बंद होण्याआधी आत कापूस भरायचा. तीन मिलिमीटरच्या सुईवर एक टाका साधारण पाच मिलिमीटर रुंद येतो, म्हणून ३० टाक्यांचा घेर १५ सेंटिमीटर आणि गोळ्याची रुंदी पाच सेंटिमीटरच्या आसपास.

आणि सहाऐवजी दर फेरीला आणखी जास्त टाके वाढवले तर? मग कापड सपाट राहू शकत नाही, त्याला कोबीच्या पानासारख्या झालरी पडतात. लॅटव्हियात जन्मलेल्या दाइना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९७ मध्ये नेमके हेच केले. हायपरबोलिक प्रतल नावाची एक भूमिती आहे, तिची कागदी प्रतिकृती हाताळताना फाटायची. बाईंनी ती क्रोशाने विणली आणि विद्यार्थ्यांच्या हातात दिली. समांतर रेषांचा युक्लिडचा नियम तिथे का चालत नाही, ते बोट फिरवून पाहता येऊ लागले. त्यावरचे त्यांचे पुस्तक २००९ मध्ये आले. ज्या सुईला आपण विरंगुळा म्हणतो, तिने विद्यापीठातला एक अवघड धडा सोपा केला.

आता बाळाची गोष्ट. बेडूक तयार होतो आणि आजी तो पाळण्यात, बाळाच्या उशाशी ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रामझोर्खची बाई येते. बाळंतपणानंतर साधारण आठवडाभर घरी येऊन आई आणि बाळाचे पाहणारी ही डच व्यवस्था आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ती पाळण्यातून बेडूक काढते, उशी काढते, भारतातून आणलेली गोधडी काढते आणि बाळाला झोपपिशवीत घालून उताणे निजवते. आजीचे तोंड उतरते. सून मधल्या मध्ये. अशा तीन घरांत तरी समजूत घालायला मला बोलावणे आले आहे, म्हणून त्यामागचे कारण इथे सविस्तर लिहिते.

१९७०च्या दशकात नेदरलंड्समध्ये बाळांना पालथे निजवण्याचा सल्ला दिला जाऊ लागला, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या वाढत गेली. बालरोगतज्ज्ञ प्राध्यापक दे योंगे यांनी हा संबंध दाखवला आणि १९८७ मध्ये पालथे न निजवण्याचा सल्ला देशभर दिला गेला. त्यानंतर असे मृत्यू झपाट्याने कमी झाले. आज या देशातले प्रमाण जगातल्या सगळ्यांत कमी प्रमाणांपैकी एक आहे. पुढे त्याला जोडून बाकीचे नियम आले: पाळणा रिकामा, उशी नको, दुलई नको, पहिल्या वर्षात मऊ खेळणे नको, कारण ते बाळाच्या नाकातोंडावर येऊ शकते आणि बाळाला ते दूर सारता येत नाही. त्या बाईंच्या हट्टामागे एका पूर्ण पिढीचा शोक आहे. आजीच्या बेडकाला त्यांचा विरोध नसतो. त्याची जागा पाळण्यात नाही, एवढेच त्यांचे म्हणणे असते. तो फळीवर बसू शकतो, आईच्या देखत बाळाच्या हातात येऊ शकतो, आणि वर्ष झाल्यावर खुशाल कुशीत जाऊ शकतो.

दुसरे म्हणजे डोळे. दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे चकचकीत डोळे मागून चकती दाबून बसवतात. 'सेफ्टी आय' असे त्यांचे नाव असले तरी विणलेल्या कापडाला भोके असतातच, मूल ओढते, चावते, आणि डोळा निघून घशात जाऊ शकतो. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे काळ्या धाग्याने भरून काढावेत. मणी नको, बटण नको, गळ्यात रिबीन नको. टाके इतके घट्ट असावेत की कापूस डोकावणार नाही. धागा सुती असला तर साठ अंशांवर धुता येतो. लोकर तिथे आकसते.

हे नियम मी मनाने लिहीत नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ साली काही जणींनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी क्रोशाचे छोटे ऑक्टोपस विणून रुग्णालयात द्यायला सुरुवात केली. ते लोण नेदरलंड्ससह अनेक देशांत पसरले. कल्पना अशी की अशक्त बाळ नळ्या आणि तारा ओढते, त्याऐवजी ऑक्टोपसचे पाय धरून ठेवील, आईच्या पोटात नाळ धरावी तसे. त्याने बाळाचा श्वास सुधारतो, असेही काही जण सांगतात. ते सिद्ध झालेले औषध समजू नये. पण नियम काटेकोर आहेत: शंभर टक्के सुती धागा, साठ अंशांची धुलाई, भरून काढलेले डोळे, आणि ताणल्यावरही पाय २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नाही, म्हणजे बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळला जाणार नाही. तिथे बाळ सतत यंत्रांच्या आणि परिचारिकांच्या नजरेखाली असते, हा घरच्या पाळण्यापेक्षा मोठा फरक. आपल्या फेल्डहोवनच्या माक्सिमा रुग्णालयात अशा बाळांसाठी अतिदक्षता विभाग आहे. आपल्यातल्या कोणाचे बाळ तिथे असेल आणि काही विणून द्यावेसे वाटले, तर सुई हातात घेण्याआधी विभागात विचारावे. ते सांगतील तेच विणावे, बेडूक नको म्हणाले तर नको.

आता पैशांचा प्रश्न. टाके मोजू. डोक्याचा गोळा: वाढत्या फेऱ्यांचे ९०, सरळ फेऱ्यांचे १५०, उतरत्या फेऱ्यांचे ६०, एकूण ३००. धड तेवढेच धरले तर ६००. दोन डोळे प्रत्येकी ३०. चार पाय, प्रत्येकी सहा टाक्यांच्या १५ फेऱ्या, म्हणजे ३६०. बेरीज १०२०. एका टाक्याला दहा सेकंद धरले तर पावणेतीन तासांहून थोडे जास्त. कापूस भरणे, पाय जोडणे, तोंड भरून काढणे आणि दोनदा उसवणे धरले की पाच तास सहज होतात.

आपल्या गावात एएसएमएलचे मुख्यालय आहे आणि या अंकाच्या वाचकांपैकी निम्म्या घरांची चूल त्याच्याशी कुठे ना कुठे जोडलेली आहे. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने सिलिकॉनवर रेषा आखणारे यंत्र जगात फक्त ही कंपनी बनवते. पण क्रोशाचा हा बेडूक तयार करणारे यंत्र बाजारात नाही. स्वेटर यंत्रावर निघतात, कारण दोन सुयांचे विणकाम यंत्राला जमते. क्रोशात आकडी दर वेळी वेगळ्या जागी, वेगळ्या कोनातून घालावी लागते, ते कारखान्याच्या वेगाने अजून कोणी करत नाही. याचा सरळ अर्थ असा की दुकानात सात युरोला दिसणारा क्रोशाचा बेडूकही कोणाच्या तरी हातांनीच विणलेला आहे. नेदरलंड्समध्ये २०२४ च्या सुरुवातीला किमान वेतन तासाला १३.२७ युरो होते. पाच तासांचे ६६.३५ होतात. धागा आणि कापूस वेगळा. सात युरोत दुकानाचे भाडे, वाहतूक, नफा वजा करून विणणारीच्या हाती काय पडले असेल, ते ज्याने त्याने काढावे.

या हिशेबावर आपल्याच देशात एक मोठे काम झालेले आहे. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात पुण्यात जर्मन शिकवत होत्या, पुढे काही काळ त्या इथे हेगच्या इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीजमध्ये होत्या. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या बायका घरी बसून क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशी जाते. मीस यांनी त्या बायकांचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांनी दाखवले ते असे: या बायका दिवसाचे कितीतरी तास विणतात, त्यावर व्यापारी आणि निर्यातदार मोठे होतात, पण बायकांना मिळते ते अत्यल्प, कारण त्यांना कामगार कोणी म्हणतच नाही. त्या गृहिणी आहेत, फावल्या वेळात हात चालवतात, असे सगळे धरून चालतात. फावला वेळ म्हटले की वेतनाचा प्रश्न उरत नाही. नरसापूरच्या लेसला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नाव मिळाले, आता दाम किती मिळतो ते पाहायचे.

हेच वाक्य मी दिवाळी बाजारात ऐकते. आजींनी विणलेला बेडूक कोणी तरी उचलते आणि म्हणते, "वीस युरो? आजींना काय, वेळच वेळ आहे!" म्हणणारा माणूस वाईट नसतो, आजींच्या पायाही पडतो. पण आजींकडे वेळ नाही. छोट्या मुक्कामाच्या व्हिसावर त्यांच्याकडे १८० दिवसांतले ९० दिवस असतात. त्यांतले किती बाळाच्या न्हाऊमाखूत, किती स्वयंपाकात, किती सुनेच्या पाठीला तेल चोळण्यात गेले, ते घरचे जाणतात. उरलेल्यांतले पाच तास त्या बेडकात आहेत. आणि टेबलावरचे पैसे तर मदतनिधीला जातात. मग तिथे घासाघीस नेमकी कोणाशी चालते?

म्हणून यंदासाठी मी कार्यकारिणीपुढे तीन साध्या गोष्टी मांडल्या आहेत आणि त्या मान्य झाल्या आहेत. पहिली, हाताने केलेल्या प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर किमतीच्या वर तास लिहायचे. बेडूक, ५ तास. तोरण, ३० तास. दुसरी, विणलेले प्राणी 'शोभेची वस्तू' म्हणून मांडायचे आणि तसे स्पष्ट लिहायचे. युरोपीय संघात विक्रीच्या खेळण्याला सीई खूण लागते, त्यासाठी सुरक्षेची कागदपत्रे करावी लागतात, आणि ती आपल्या टेबलाकडे नाहीत. ज्याला लहान मुलासाठी बेडूक हवा, त्याने तो विकत घेऊ नये, घरी विणावा किंवा विणून मागावा, डोळे भरून काढलेला. तिसरी गोष्ट ही की किंमत कमी करायची नाही. न विकला गेलेला बेडूक ज्या आजींनी विणला त्यांच्याकडे परत जाईल. त्यांच्या घरी त्याला जागा आहे.

आणि ज्यांना किंमत जास्त वाटेल त्यांनी पाठ फिरवून जाऊ नये. टेबलाच्या मागच्या बाजूला चार खुर्च्या ठेवल्या आहेत. हिरवा सुती धागा, तीन मिलिमीटरच्या सुया आणि कापसाची पिशवी तिथे असेल. शिकवायला दोन आजी तयार आहेत, एक सोलापूरच्या आणि एक बेळगावच्या, दोघींचीही परतीची तिकिटे डिसेंबरची आहेत. पुरुषांनीही बसावे. कंपनीत नॅनोमीटर मोजणाऱ्यांना सहापर्यंत मोजायला जड जाऊ नये. पहिल्या सहा टाक्यांना साधारण अर्धा तास लागतो, त्यानंतर हात चालू लागतो.